कोणतं ब्रेक ऑइल घालू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

"माझ्या गाडीत डॉट ३ आहे. डॉट ४ किंवा डॉट ५ घातलं तर ब्रेक जास्त चांगले लागतील का?" गाड्यांची कामं करतो म्हटल्यावर लोक हे हमखास विचारतात. (डॉट ३, डॉट ४ म्हणजे अमेरिकी मानकाप्रमाणे ठरलेले ब्रेक ऑइलचे प्रकार.)

बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण फडक्याने पुसा आणि त्यावर जे छापलंय तेच घाला. अक्षरं उडाली असतील तर गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. बहुतेकांचं काम एवढ्यावरच भागतं. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी, ही समजूत डोक्यातून काढायला हवी, कारण डॉट ५ च्या बाबतीत ती फार महागात पडते.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल या रसायनाच्या घराण्यातली. डॉट ५ सिलिकॉनचं, बहुधा जांभळ्या रंगाचं. ते बाकीच्यांत मिसळत नाही. ते पाणी शोषत नाही हे ऐकायला छान वाटतं, पण मग आत शिरलेलं पाणी सुटंच राहतं, सखल भागात साचतं, धातू गंजवतं आणि शंभर अंशांच्या आसपास उकळतं. शिवाय सिलिकॉनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणून एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते घालायचं नाही. दुकानात ५.१ मागितलं असेल तर बाटली हातात घेऊन वाचा. ५ आणि ५.१ यांत फरक एका टिंबाचा दिसतो, पण आतला पदार्थच वेगळा आहे.

आता ग्लायकॉलवाल्यांमध्ये फरक कशाचा? मुख्यतः उकळण्याचा. लांब उतारावर ब्रेक धरून धरून डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. मानकाप्रमाणे ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ २३० पर्यंत आणि ५.१ २६० पर्यंत.

पण हे आकडे ताज्या ऑइलचे. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, अगदी रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा डॉट ३ ला १४०, डॉट ४ ला १५५ आणि ५.१ ला १८० अंशांवर येते. म्हणजे मुरलेल्या डॉट ४ पेक्षा ताजं डॉट ३ बरंच जास्त तापमान सोसतं! मला खरं सांगायचंय ते हेच. कोणतं घालू हे दहा जण विचारतात, शेवटचं कधी बदललं हे एखाद्यालाच आठवतं. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तकात लिहिलं असेल तेव्हा, जुनं पूर्ण काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्या. टाकीतलं तेवढं उपसून नवं ओतलं तर कॅलिपरपाशी, जिथे सगळ्यात जास्त तापतं, तिथे जुनंच राहतं.

डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ सहसा चालतं. उलटं करू नका. झाकणावर डॉट ४ सोबत 'एलव्ही' किंवा 'क्लास ६' असेल तर तेच शोधून आणा: ते पातळ असतं, आणि एबीएस आणि ईएसपीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटांमधून कडाक्याच्या थंडीतही पटकन फिरावं म्हणूनच ते सांगितलेलं असतं. जाडसर डॉट ४ ने ती गरज भागत नाही. काही मोजक्या जुन्या गाड्यांत, विशेषतः सिट्रोएनच्या, हिरवं खनिज तेल लागतं. तिथे डॉटचं कुठलंच चालत नाही. तसंच डॉटच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल थोडंसंही गेलं तर रबरी सील फुगतात. असं झालं तर गाडी चालू करू नका, पेडलही दाबू नका, उचलूनच न्या.

पातळी खाली गेली म्हणून लगेच वर भरू नका. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतलं ऑइल तेवढं उतरतं. आधी पॅड बघा. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

भरताना सीलबंद बाटलीच फोडा. कपाटात अर्धवट पडलेली बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी तिने ओलावा घेतलेला असतो. उरलेलं ऑइल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका, ते विषारी आहे. आणि थेंब रंगावर सांडला तर घासून पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर तिथला रंग सुटतो.