कोळसा संपत आलेलं गाणं आणि स्विंडनचा भोंगा

"स्विंडनला कशाला?" हे मला इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी विचारलं. लेकीने विचारलं, जावयांनी विचारलं, तिच्या मंडळातल्या बायकांनी तर काळजीच्या सुरात विचारलं. मी रेडिंगला लेकीकडे राहायला गेले होते. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज वाऱ्यात उभं राहून पाहिलं. सगळं छान होतं आणि सगळीकडे रांगा होत्या. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते स्विंडन या जुन्या रेल्वे कारखान्याच्या गावावर, कारण तिथल्या एका दुपारीने मला जे दिलं ते बाकी सगळ्या सहलीने दिलं नाही.

तिथे गेले त्याला कारण एक गाणं. आमचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि आमच्या दादाला इंग्रजी गाण्यांचं वेड होतं. दोन खोल्यांच्या घरात त्याचा टेपरेकॉर्डर आणि वडिलांची झोप यांचं कधी जमलं नाही. मित्रांकडून भरून आणलेल्या कॅसेटींपैकी एका कॅसेटवर एक्सटीसी नावाच्या बँडचा 'द बिग एक्सप्रेस' हा 1984 सालचा अल्बम होता. हा बँड स्विंडनचा. अल्बमचं मूळ कव्हर चक्क गोल होतं, वाफेच्या इंजिनाच्या चाकासारखं. इंग्लंडच्या खपाच्या यादीत तो 38 व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि उतरला. या बँडची जी चार-दोन गाणी लोकांना माहीत असतात त्यात या अल्बममधलं एकही नसतं. मला मात्र त्यातलं शेवटचं गाणं चिकटलं ते आजतागायत: 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल'.

तिशीला आलेला एक माणूस स्वतःला इंजिन समजून बोलतोय. चाकं फिरतायत, पण आतला कोळसा संपत आलाय, आणि तो कोळसा जिवाचा आहे. ते लिहिणारा आणि गाणारा अँडी पार्ट्रिज 1982 साली स्टेजच्या भीतीने पार कोलमडला होता, त्यानंतर बँडने दौरे कायमचे थांबवले. हे मला फार नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त एवढं कळायचं की या गाण्यातला थकवा खोटा नाही. वडील संध्याकाळी घरी येऊन मोरीत हात धुवायचे तेव्हा त्यांच्या पाठीकडे बघून जे वाटायचं, तेच या गाण्यात आहे असं मला वाटे. आजही वाटतं.

रेडिंगहून स्विंडन गाडीने अर्ध्या तासावर. उतरलं की समोर काहीच देखणं नाही, हे खरं. पण डावी-उजवी न बघता रेल्वे व्हिलेजकडे चालत गेलं तर पाच-दहा मिनिटांत चित्र पालटतं. फिकट दगडाची छोटी, जोडून बांधलेली कामगारांची घरं, सरळ गल्ल्या, आणि गल्ल्यांची नावं ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या मार्गावरल्या गावांची: ब्रिस्टल, एक्झीटर, टाँटन, रेडिंग. कंपनीच्या इंजिनांचा प्रमुख डॅनियल गूच याने 1840 साली मुख्य इंजिनियर ब्रुनेलला ही जागा सुचवली, 1843 मध्ये इंजिनांचा कारखाना सुरू झाला, आणि आजूबाजूला कुरणं होती तिथे कंपनीने गावच वसवलं. 1847 पासून कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापून औषधपाण्याचा फंड चालवला. पुढे देशभराची आरोग्यसेवा उभी करताना आरोग्यमंत्री बीव्हनसमोर हाच नमुना होता, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. त्याच गावाच्या मधोमध मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची इमारत आहे. कामगारांचं वाचनालय, नाटकं, व्याख्यानं, सगळं तिथे चालायचं. आता ती खिडक्यांना फळ्या ठोकून बंद पडली आहे. पाहून वाईट वाटलं. लाखो पौंड खर्चून देशभर राजवाडे राखता येतात, आणि कामगारांनी उभारलेलं एवढं एक घर राखता येत नाही.

गावातून कारखान्यात जायला रुळांखालून पायी जायचा बोगदा आहे. बुटका, लांब, ओलसर. भरभराटीच्या काळात या कारखान्यात 14,000 हून जास्त माणसं होती आणि त्यातली कित्येक रोज याच बोगद्यातून आत जायची. मी गेले तेव्हा माझ्याबरोबर खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं होती. कारण बोगद्याच्या पलीकडे, जुन्या शेडमध्येच, मोठ्या ब्रँडचा स्वस्त माल विकणारा मॉल आहे. छताच्या कैच्या, विटांच्या भिंती, वरच्या क्रेनचे गर्डर सगळं जपलंय आणि खाली बूट-कपडे. खाण्याच्या जागी तर खरंखुरं इंजिन उभं केलंय आणि त्याच्या सावलीत लोक चिप्स खातात. कोरडं सँडविच आणि कॉफी मीही घेतली, बसायला जागा मिळेना म्हणून उभ्यानेच संपवली. गर्दी संग्रहालयाला नव्हती, सगळी इथेच होती.

गिरणगावातल्या माणसाला हे दृश्य नवं नाही. फिनिक्समध्ये धुरांडं उरलं आहे, खाली दुकानं आहेत. 1982 च्या संपात अडीच लाख माणसं होती, त्यांचं काय उरलं ते शोधावं लागतं. काळाचौकीच्या गिरणीत संग्रहालय होणार हे आपण किती वर्षं ऐकतोय. म्हणून मॉलबद्दल नाक मुरडायचा मला हक्क नाही असं काही मी मानत नाही. उलट आम्हालाच तो जास्त आहे. पण इथे मॉलच्या भिंतीला भिंत लावून 'स्टीम' नावाचं संग्रहालय आहे, 2000 साली उघडलेलं, कारखान्याच्याच एका इमारतीत. हे त्यांनी केलं, एवढं मान्य करायलाच हवं.

रेल्वेची संग्रहालयं म्हणजे चकचकीत इंजिनं आणि पितळी पाट्या. इथेही ती आहेत. 1923 चं 'केअरफिली कॅसल' असं उभं केलंय की खालच्या खड्ड्यातून चालत त्याचं पोट बघता येतं. 'किंग जॉर्ज पाचवा' या इंजिनाला अमेरिकेत 1927 साली भेट मिळालेली घंटा आहे. पण या इंजिनांपर्यंत पोचण्याआधी तुम्हाला कारखान्यातून चालावं लागतं, आणि तिथेच माझी दुपार गेली. भांडार, ओतशाळा, बॉयलर शॉप, युद्धकाळात रिव्हेट मारणाऱ्या बाया, यंत्रांचे रेकॉर्ड केलेले आवाज. आणि पितळी बिल्ले. प्रत्येकावर नुसता आकडा. सकाळी येताना उचलायचा, जाताना परत. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि आकड्याच्या खाचांत काळं तेल मुरलेलं ते अजून तसंच. वडिलांचा बिल्ला आमच्याकडे देव्हाऱ्याच्या खणात आहे. त्याच्या आकड्यांतही असंच काळं आहे. आईने चिंच लावून घासला तरी ते निघालं नव्हतं.

तिथे उभी होते तेव्हा एक आजोबा जवळ आले. संग्रहालयाचे स्वयंसेवक. पंधराव्या वर्षी इथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेले, नंतर बॉयलरवाले. दोन्ही कानांत यंत्रं. बॉयलरच्या आत बसून बाहेरून हातोडे खाल्ल्यावर कान राहत नाहीत, हे त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं. मी म्हटलं, माझे वडील मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या शॉपमध्ये?" इंग्लंडमध्ये तोवर कोणी मला असा नेमका प्रश्न विचारला नव्हता. आम्ही दोघं बाकावर बसलो ते पाऊण तास.

भोंग्याचं त्यांनीच सांगितलं. स्विंडनचा भोंगा मैलोन्‌मैल ऐकू जायचा. शेजारच्या लिडियार्डच्या लॉर्डसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात झोपमोड होते म्हणून तक्रार केली, गावकऱ्यांनी सह्यांचा अर्ज भोंग्याच्या बाजूने केला, आणि भोंगा राहिला. मग 'ट्रिप'चं सांगितलं. जुलैत कारखाना बंद, कामगारांना कुटुंबासकट फुकट गाडी, आणि सगळं गाव समुद्रावर. 1849 साली पहिल्यांदा पाचेकशे माणसं ऑक्सफर्डला गेली होती, पुढे पंचवीस-पंचवीस हजार जाऊ लागली. गणपतीत लालबाग-परळ रिकामं होऊन कोकणच्या गाड्या भरतात, अगदी तसं. फरक इतका की ती सुट्टी कित्येक वर्षं बिनपगारी होती, म्हणजे समुद्रावरून परत आलं की घरात खडखडाट.

आणि मग शेवटचा भोंगा. 1985 हे ग्रेट वेस्टर्नचं दीडशेवं वर्ष. सोहळ्याची तयारी चाललेली असताना कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. 26 मार्च 1986 ला दारं लागली. "लोक केक कापणार होते आणि आम्ही घरी जाणार होतो," एवढंच ते बोलले आणि चष्मा पुसायला लागले.

मला ते गाणं आठवलं. ते आलं 1984 मध्ये, म्हणजे घोषणेच्या आदल्याच वर्षी. मी विचारलं, तुमच्याच गावच्या पोरांचं हे गाणं ऐकलंय का? बँडचं नाव ठाऊक होतं, गाणं नव्हतं. मी फोनवर लावलं. संग्रहालयात मोठा आवाज नको म्हणून हळू लावलं, तर त्यांना काही ऐकू येईना. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, मागच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. गाणं पाच मिनिटांचं आहे. बहुतेक सगळं त्यांनी तसंच ऐकलं, बोटांनी. माझ्या मनात होतं की त्या ठेक्यात इंजिनाची धाप आहे, इतकी वर्षं मी तशीच ऐकत आले. ते म्हणाले, "हे इंजिन नाही. इंजिनाला दम घ्यायला जागा असते. हा हातोडा आहे, स्टॅम्पिंग शॉपचा. त्याला माणसाशी काही देणंघेणं नसतं."

पार्ट्रिजच्या मनात काय होतं ते पार्ट्रिजला ठाऊक. पण त्या दिवसापासून मला त्यात हातोडाच ऐकू येतो, आणि गाणं आणखी कडू झालंय, आणखी आवडायला लागलंय.

हातोड्यावरून त्यांना आल्फ्रेड विल्यम्स आठवला, आणि मी भारतातली म्हणून तर आठवलाच. 1877 साली जवळच्या साउथ मार्स्टन गावात जन्मलेला. चौदा-पंधराव्या वर्षी कारखान्यात लागला आणि स्टॅम्पिंग शॉपमध्ये वाफेचा हातोडा चालवण्यात तेवीसेक वर्षं काढली. पहाटे घरून चालत यायचा. भट्टीपाशी खडूने ग्रीक अक्षरं लिहून ठेवायचा आणि घण पडत असताना पाठ करायचा. लॅटिनही असंच शिकला. तब्येत ढासळली तेव्हा 1914 मध्ये नोकरी सोडली, जाताना भट्टीवर खडूने लॅटिनमध्ये 'जिंकलो' लिहून गेला. पुढच्या वर्षी कारखान्यातल्या जगण्यावर त्याने पुस्तक काढलं, आणि ते इतकं खरं होतं की साहेब लोकांना पचलं नाही.

इथवर मी आदराने ऐकत होते. पुढचं ऐकून अंगावर काटा आला. पहिल्या महायुद्धात हा माणूस तोफखान्यात भरती होऊन भारतात आला, रानीखेतला राहिला. परत जाऊन बायको मेरीबरोबर स्वतःच्या हातांनी घर बांधलं, बंद पडलेल्या कालव्याच्या विटा आणून, आणि घराचं नाव ठेवलं रानीखेत. मग गरिबीत, आजारपणात, संस्कृत शिकला. आणि पंचतंत्राच्या गोष्टींचं इंग्रजी केलं. पुस्तक 1930 मध्ये आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो गेला, मेरी इस्पितळात मरणाला टेकलेली असताना.

ज्या पंचतंत्रातली माकड-मगर मी वडिलांच्या मांडीवर ऐकली, ते पंचतंत्र एका फिटरच्या घरातून आणि एका घणवाल्याच्या घरातून असं दोन्हीकडून माझ्यापर्यंत आलं, असं मला त्या बाकावर वाटलं. जिवाचा कोळसा संपतो हे गाण्यात खरंच आहे. पण हा माणूस तो कुठून आणत होता? आधी दिवसभर घण आणि ग्रीक, पुढे आजारपणात देवनागरी. कुणी शाबासकी द्यायला नाही, पैसे नाहीत. आपल्याकडे गिरणीत पाळ्या करून लिहिणारे, भजनं रचणारे, नाटकं बसवणारे पुष्कळ होऊन गेले. मला त्यांच्यात आणि याच्यात काही अंतर दिसत नाही.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली. आजोबांनी निघताना वडिलांचं नाव विचारलं आणि दोनदा नीट म्हणून पाहिलं.

साउथ मार्स्टनला जायचं मनात होतं, पण दिवस लहान, पाऊस सुरू झालेला आणि बसचं वेळापत्रक कोणी धड सांगेना. थांब्यावर एका मुलीने माझं फोनवरचं मराठी ऐकून विचारलं, "ताई, तुमी खंयच्यो?" ती कुडचड्याची. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे हे ऐकून होते, ते असं समोर आलं. ती एका गोदामात रात्रपाळीला निघाली होती. कारखान्याच्या संग्रहालयात कधी गेलीस का विचारलं, तर म्हणाली, "सुट्टी मेळटा तेन्ना न्हिद." सुट्टी मिळते तेव्हा झोप. तिच्या गळ्यात कामाचं ओळखपत्र होतं, फोटो आणि त्याखाली मोठा आकडा. बस आली, ती पटकन चढली, आतून हात केला.

लेकीला घरी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी गाडी घेऊन साउथ मार्स्टनला जाऊ. जाऊच. तोवर एक विनंती: विल्यम्सच्या पंचतंत्राची 1930 ची प्रत मुंबई-पुण्यातल्या कुठल्या जुन्या ग्रंथालयात कोणी पाहिली असेल तर कळवा. एशियाटिकच्या पायऱ्या चढायची तयारी आहे, गुडघे दुखले तरी.