पाँडिचेरीच्या पिवळ्या भिंतींखालचं शहर

पाँडिचेरीच्या फ्रेंच वस्तीत शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक पिवळ्या भिंतीपुढे फोटोसाठी रांग, आणि साध्या कॉफीचे दरही डोळे पांढरे करणारे. आदल्या दिवशी महाबलीपुरम पाहिलं, छान होतं, पण त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

मला लिहायचंय ते भारती पार्कपाशी ऐकलेल्या एका वाक्याबद्दल. एक वाटाड्या घोळक्याला सांगत होता, की ही घरं फ्रेंचांनी पहिल्यापासून आजपर्यंत जशीच्या तशी जपली. मला राहवेना. या बागेच्या जागी फ्रेंचांचा किल्ला होता. 1761 मध्ये इंग्रजांनी तो पाडला, तटबंदी पाडली, शहर जमीनदोस्त केलं. तीन वर्षांआधी फ्रेंच सेनापती लालीनं कडलूरजवळचा इंग्रजांचा किल्ला, फोर्ट सेंट डेव्हिड, पाडला होता, त्याचं हे उट्टं. आज आपण ज्यांचे फोटो काढतो ती घरं त्यानंतरची आहेत.

भांडण मुळात कोरोमंडलच्या कापडाच्या व्यापाराचं. युरोपात इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे लढायला लागले की त्यांच्या इथल्या व्यापारी कंपन्याही लढत. 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकलं, 1748 च्या युरोपातल्या तहानं ते परत गेलं. पण तोवर दोघांनाही कळलं होतं, की कवायती पलटण भाड्यानं देऊन नबाबाची गादी फिरवता येते. समुद्रकाठी ज्याचा पुतळा आहे त्या फ्रेंच गव्हर्नर डुप्लेनं अर्काटच्या नबाबाच्या गादीसाठी चंदासाहेबाला हाताशी धरलं. हा चंदासाहेब म्हणजे 1741 मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्लीला पकडून साताऱ्याला कैदेत ठेवलेला तोच.

पुढचा धागाही आपल्याकडेच येतो. हैदराबादेत निजामाला फ्रेंच सेनानी बुसीचा आधार होता. 1758 मध्ये लालीनं त्याला दक्षिणेत बोलावून घेतलं. 22 जानेवारी 1760 ला तमिळनाडूतल्या वंदवासीला इंग्रज सेनापती आयर कूटनं फ्रेंचांचा पराभव केला, बुसी कैद झाला. पंधरवड्याच्या आत भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाला नमवलं, बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी बरोबर घेऊन. पुढच्या जानेवारीत 14 तारखेला पानिपत झालं आणि त्याच आठवड्यात पाँडिचेरी पडली. शाळेत मी हे दोन वेगळ्या धड्यांत शिकलो. कुणीतरी एकत्र शिकवायला हवं होतं, असं मला फार मनापासून वाटतं.

पण त्या बागेत मला हलवून गेलं ते वेढ्यातलं एक प्रकरण. कूटनं शहराची नाकेबंदी केली होती, धान्य संपत आलं होतं. 1760 च्या नोव्हेंबरच्या अखेरीस लालीनं शेकडो स्थानिक रहिवाशांना, बायकापोरांसकट, वेशीबाहेर काढलं. इंग्रज त्यांना पुढे जाऊ देईनात, फ्रेंच परत आत घेईनात. कित्येक दिवस ती माणसं दोन फौजांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर गवताची मुळं खाऊन राहिली. शेवटी कूटनं वाट दिली. पॅरिसच्या आणि लंडनच्या हिशेबात त्यांचा काय दोष होता? लढाई त्यांनी मागितली नव्हती, गादीही त्यांना नको होती. समुद्रकाठच्या पूर्ण रस्त्यावर त्यांच्या नावाचा एक दगडही मला दिसला नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

लालीला फ्रान्सनं पराभवाबद्दल दोषी धरून 1766 मध्ये पॅरिसला त्याचं डोकं उडवलं. 1763 च्या तहानं पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली खरी, पण बंगालात किल्ला बांधायची आणि फौज ठेवायची त्यांना मनाई झाली. इंग्रजांसमोर दक्षिणेत युरोपातला तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही.

वंदवासीलाही जाऊन आलो. बस बदलत जावं लागतं, ऊन भयंकर, किल्ल्याचे तट पडके. तरी जाच. आणि पाँडिचेरीत असाल तर कालवा ओलांडून पश्चिमेला, तमिळ वस्तीतल्या रंगपिळ्ळे रस्त्याला वळा. डुप्लेचा दुभाषी आनंद रंगपिळ्ळे यांचा वाडा तिथे आहे. 1736 पासून त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली, दरबार, दर, भांडणं, सगळं. शहर पडलं त्याच जानेवारीत ते वारले. फ्रेंच राजवटीत तमिळ माणूस कसा जगत होता, हे त्यांच्याइतकं बारकाईनं क्वचितच कुणी नोंदवलं असेल. पुतळ्यापाशी गेला असता तो तास मी या रस्त्याला दिला, आणि सगळ्या सहलीत तोच मला सर्वांत मोलाचा वाटला.