तिचं पहिलं डीएनए जेल
उन्हाळी संशोधनासाठी आमच्या लॅबमध्ये आलेल्या मुलीने आज पहिल्यांदाच एकटीने जेल रन केलं, म्हणजे जेलीसारख्या थरातून वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे केले. डीएनएचे पट्टे नीट वेगळे झालेले दिसले आणि ती म्हणाली, "हे मी केलं?" काय आनंद झाला मला!

घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. मॅकनेअर स्कॉलर्समधून आलीय. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेलेले कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ-अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर, त्यांच्या नावाची, अशा मुलांना पीएचडीसाठी तयार करणारी ही अमेरिकी सरकारची योजना. भत्ता मिळतो, म्हणून तिला सुट्टीत दुसरी नोकरी धरावी लागली नाही. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. बिनपगारी संशोधन सुखवस्तू घरच्या मुलांनाच परवडतं, हुशारी कितीही असो.

उद्या पीएचडीच्या अर्जाबद्दल बोलायचंय. प्रश्नांची यादी तिने आजच पाठवलीय.