आतागोचा डोंगर: पंचविसाव्या दगडावर विसंबू नका

‘चार किलोमीटर तर आहे’ म्हणून निघालो आणि फसलो. क्योतोच्या वायव्येला ९२४ मीटर उंचीचा आतागो डोंगर आहे. आगीपासून राखणारं तिथलं शिंतो देऊळ म्हणजे जपानभरच्या सुमारे ९०० आतागो देवळांचं मूळ. जिथे उतरलो होतो तिथे सांगितलं, "दीड तास लागेल, वाटेत चहा मिळेल." मला पावणेतीन तास लागले. चहाघरं पूर्वी होती, आता त्यांच्या जागी नुसत्या पाट्या आहेत. दोन लिटर पाणी खालूनच न्या.

पायथ्याच्या कियोताकी गावात बसमधून उतरून थोडं पुढे गेलं की चढ सुरू होतो आणि तो सोडतच नाही. ओंडक्यांच्या, दगडांच्या पायऱ्या, प्रत्येकीची उंची वेगळी, त्यामुळे पावलाला लय सापडत नाही. त्यात पंचविसाव्या चो-दगडाने मला पुरतं फसवलं. (चो हे अंतराचं जुनं जपानी माप, ते मोजणारे दगड वाटेवर आहेत.) पन्नासातले पंचवीस, म्हणजे निम्मं संपलं असं समजून मी निम्म्याहून जास्त पाणी पिऊन टाकलं. हे दगड खाली सागा नावाच्या भागातल्या पहिल्या तोरीपासून, म्हणजे देवळाच्या कमानीपासून, मोजलेले आहेत. तो भाग मी बसनेच मागे टाकला होता. चाल जेमतेम एक तृतीयांश झाली होती! अग्निशमन पथकाच्या चाळीसपैकी अमुक अशा पाट्या शंभर-शंभर मीटरवर आहेत, त्याच बघा.

काळं दार दिसलं की पोचलो असं वाटतं. नाही. पुढे दगडी जिना आहे, त्याच्यासाठी पायात जोर राखून ठेवा.

वर मात्र सगळा राग गेला. इझानामी ही देवी अग्निदेव कागुत्सुचीला जन्म देताना भाजून मेली, अशी कथा आहे. इथे मुख्य गाभाऱ्यात आई आणि वाकामियात, म्हणजे शेजारच्या उपदेवळात, मुलगा, एकाच आवारात! मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. ‘हि नो योजिन’, म्हणजे आगीपासून सावध, असा कागदी ताईत घ्याच. क्योतोत तो स्वयंपाकघरात लावतात. उशिरा पोचलात तर मिळणार नाही, म्हणून सकाळीच चढा. ३१ जुलैच्या रात्री गेलात तर हजार दिवसांच्या दर्शनाचं पुण्य मानतात, पण गर्दीची तयारी ठेवा.

उतरताना त्सुकिनोवा देवळाची वाट पावसानंतर धरू नका, फार घसरडी आहे. मिझुओ गावावरून होझुक्यो स्टेशनला उतरणं बरं, तिथून रेल्वे मिळते. गुडघे दुखरे असतील तर काठी हवीच. खाली येताना वर चढणाऱ्या एक आजी दिसल्या. त्या थांबून म्हणाल्या, "ओकुदारियासु," सावकाश उतरा.