श्रद्धेचे प्रश्न कोणाला विचारायचे?

आपल्या शाळेतून दहावी झालेली कॅथलिक मुलं-मुली पुण्या-मुंबईला फादर-सिस्टरांच्या कॉलेजात गेली, की घरच्यांना वाटतं, आता श्रद्धेची काळजी मिटली. प्रश्न खरे तिथेच सुरू होतात. खानदेशात आपली वस्ती लहान. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चुकली तर संध्याकाळी कोणीतरी मावशी चौकशीला दारात येते. कॉलेजात तसं विचारणारं कोणी नसतं आणि तत्त्वज्ञानाच्या तासाला देवाच्या अस्तित्वावरच वाद रंगतो. शाळेतल्या धर्मशिक्षणानं प्रार्थना पाठ करून दिल्या, त्याचं ऋण मोठं आहे. पुढचं थोडं इथे लिहिते.

आधी प्रश्न कुठल्या जातीचा, ते ठरवा. येशू मेलेल्यांतून उठला का, हा गाभ्याचा प्रश्न. धर्मगुरूंनी लग्न का करू नये, हा शिस्तीचा; पूर्वेकडच्या काही कॅथलिक परंपरांत विवाहित पुरुषही धर्मगुरू होतात. राखेच्या बुधवारचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा, उपवासही शिस्तीतच मोडतो: दिवसात एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडंसं खाणं, वयाची १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत; मांस मात्र १४ पूर्ण झाल्यापासूनच वर्ज्य. साबुदाण्याचा उपवास करणारी मैत्रीण विचारणारच, ‘भरीत-भाकरी खाऊन हा कसला उपवास?’ अशा वेळी नियम नीट माहीत असला की चिडावं लागत नाही. शिस्तीच्या नियमावर रागवून गाभाच टाकून देणारी मुलं फार दिसतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग प्रश्न एका वाक्यात वहीत लिहा आणि त्याखाली विश्वासाच्या विरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम मुद्दा मांडा. तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांनी हेच केलं. ‘देव आहे का?’ असं विचारून त्यांनी आधी दोन आक्षेप नोंदवले: जगात दुष्टपणा आहे, आणि निसर्गाचा उलगडा देवाशिवायही होतो. उत्तर त्यानंतर. म्हणून शंका लिहून काढायला घाबरू नका.

वही घेऊन कन्फेशनच्या, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली देण्याच्या, रांगेत मात्र उभं राहू नका. तिथे पापं सांगायची असतात, मागे माणसं खोळंबलेली असतात, आणि घाईतलं उत्तर कोणालाच पटत नाही. चॅप्लिनकडे, म्हणजे कॉलेजसाठी नेमलेल्या धर्मगुरूंकडे, वेगळा अर्धा तास मागा. प्रत्येक शंका म्हणजे पाप, ही समजूतही चुकीची आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ जाणूनबुजून जोपासलेली शंका आणि मनात आपसूक उठलेली शंका यांत फरक करतो.

प्रश्न सुटेपर्यंत मिस्सा आणि रात्रीची मनःपरीक्षा सोडू नका. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची मनःपरीक्षेची रीत दहा-पंधरा मिनिटांची: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, चुकांची क्षमा, उद्याचा निश्चय. मुलं बहुतेक चुकांपाशीच अडकतात आणि आभार विसरतात. मग दोन आठवड्यांत कंटाळा येतो.

वसतिगृहचालकांनाही एक विनंती. मिस्सेला हजेरीपट लावू नका. श्रद्धेची सक्ती चर्चच्या कायद्यालाच मान्य नाही. शिवाय सरकारमान्य संस्थेत संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, कोणालाही उपासनेला बसवता येत नाही, असं संविधानाचं कलम २८(३) सांगतं.

सुट्टीत गावी आलात की वही फादरांकडे न्या, पण नाताळात किंवा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात नको. तेव्हा त्यांना उसंत नसते. दिवाळीची सुट्टी त्यासाठी सर्वांत बरी.