नुसत्या पायांवर पन्नास मीटर

पोहण्याच्या आमच्या मास्टर्स (म्हणजे प्रौढांच्या) बॅचमध्ये बेडकासारखे पाय मारणारे ब्रेस्टस्ट्रोकवाले आणि फ्रीस्टाइलवाले यांची चढाओढ रोजचीच. "बेडूक अजून वाटेतच आहेत का?" असं चौथ्या लेनमधून कुणी विचारलं, की दुसऱ्या लेनमधून हातभर पाणी उडतं. त्या रविवारी मात्र रीतसर पैज लागली: २५ मीटरच्या टँकमध्ये किकबोर्ड (तरंगती फळी) धरून, हात न चालवता ५० मीटर. हरणाऱ्यांनी लेनच्या सगळ्या दोऱ्या गुंडाळायच्या. स्टॉपवॉच माझ्याकडे.

फ्रीस्टाइलकडून बॅचमधला सर्वांत वेगवान गडी उतरला. ५० मीटरला ३४ सेकंद, शिवाय लांब पल्ल्याचा धावपटू. समोर पन्नाशी ओलांडलेल्या काकू. काकू १ मिनिट ८ सेकंदात परत आल्या, तेव्हा हा भिंतीला शिवून जेमतेम पाच-सहा मीटर आला होता. मांड्या पेटल्या होत्या, पाणी फेसाळत होतं, पण बोर्ड सरकत नव्हता.

यात ताकदीचा प्रश्न नव्हता, घोट्याचा होता. फ्रीस्टाइलची किक पाणी मागे ढकलते ती पाऊल सैल आणि लांब असेल तरच. सतत धावणाऱ्यांचा घोटा बहुधा आखडलेला असतो. पाऊल काटकोनात राहतं आणि पाण्यात ब्रेकसारखं आडवं येतं. एरवी हे लपून राहतं, कारण फ्रीस्टाइलमध्ये बराचसा वेग हातांतून येतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उलटा हिशोब. तिथे मोठा वाटा पायांचा, आणि पाऊल हवं ते बरोबर विरुद्ध: टाच नितंबाकडे आणायची, चवडा नडगीकडे ओढून बाहेर वळवायचा आणि पावलाच्या आतल्या कडेनं पाणी पकडून पाय मिटायचे. गुडघे नितंबांच्या रुंदीपेक्षा फार फाकवले, की किक मोठी दिसते खरी, पण मांड्या पाणी अडवतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. काकूंची किक लहान आहे. प्रत्येक किकनंतर त्या 'एक-दोन' मोजून सरळ सरकत राहतात.

दुसरी फेरी पूर्ण स्ट्रोकची. इथे सवलत किती द्यायची यावर वाद झाला. १०० मीटरच्या दोन विक्रमी वेळा मी समोर ठेवल्या: फ्रीस्टाइलमध्ये चीनच्या पान झानलेचे ४६.४० सेकंद (पॅरिस, २०२४), ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीचे ५६.८८ (ग्वांगजू, २०१९). फरक साधारण २३ टक्के. त्या प्रमाणात ३४ सेकंदांच्या फ्रीस्टाइलची बरोबरी सुमारे ४२ सेकंदांच्या ब्रेस्टस्ट्रोकशी होते. म्हणजे आठ सेकंदांची सवलत. दोघांनाही पटलं.

ब्रेस्टस्ट्रोकचा गडी ४३ सेकंदांचा. टर्न त्यानं सुरेख घेतला. दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला, मग पाण्याखाली सरळ रेषेत सरकणं, हात मांड्यांपर्यंत एकदा ओढणं, त्यासोबत एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून शेपटीसारखी; नियमानं एकच चालते), मग हात अंगालगत पुढे आणि ब्रेस्टस्ट्रोकची पहिली किक. पुढचा हात ओढताना, हात सर्वांत रुंद होऊन आत वळायच्या आधी डोकं पाण्याबाहेर. घाईत बहुतेकांचं सरकणं इथेच आखूड होतं. त्याचं झालं नाही.

चूक झाली शेवटच्या दहा मीटरमध्ये. शेजारच्या लेनमधून फ्रीस्टाइलवाला चढत आला, तसं यानं श्वास घेताना मान डावीकडे फिरवली. मानेमागे खांदा गेला, खांद्यामागे कंबर कलली. मी काठानं बरोबर चालत होतो, पाणी स्वच्छ होतं. उजवं पाऊल नीट बाहेर वळलेलं, डावं मात्र बॅले नाचणाऱ्यासारखं टोकदार आणि वरून खाली मारणारं. हीच कात्री किक. अशा तीन मोजल्या. भिंतीला हात त्याचे आधी लागले, पण किकच्या जोर लावण्याच्या भागात दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत असा नियम आहे. मी बाद दिला. त्याला कळेना, म्हणून पाठीवर झोपवून, हात मांड्यांशी ठेवून किक मारायला लावली: गुडघे पाण्याबाहेर न येता दोन्ही टाचा बोटांना लागल्या पाहिजेत. उजवी लागली, डावी लागेना. मग त्यानं स्वतःच मान्य केलं. त्याला रोज अशा २५ मीटरच्या चार फेऱ्या लावून दिल्या.

एकेक फेरी झाली, त्यामुळे दोऱ्या सगळ्यांनी मिळून गुंडाळल्या. काकू तोवर धावपटूला घेऊन काठावर बसल्या होत्या. "उकिडवा बस, टाचा टेकव," त्या म्हणाल्या. त्याच्या टाचा उचललेल्याच. "बरं, आता वज्रासनात." तो कसाबसा बसला. त्याच्या घोट्याखालून काकूंची चार बोटं आरपार गेली.