तुम्ही विचारलंत म्हणून : सभासद होण्याआधीच पैसा कशासाठी?

चोपडा परिसरातील एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. युरोपीय संघाच्या विस्ताराचे प्रकरण आले की एक प्रश्न ठरलेला असतो, आणि हल्ली तो वर्गाबाहेरही, लग्नाच्या पंगतीत किंवा केळीच्या बागेत उभे असताना, मला विचारला जातो : जो देश अजून संघात आलेलाच नाही, त्याच्यावर संघ कोट्यवधी युरो का खर्च करतो? एका जाणत्या शेतकऱ्याने तो अहिराणीत अधिक थेट विचारला, ‘घरमा येवाना आधीच पैसा कसाले देतस?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन शंका असतात. हे एकतर दान असावे किंवा आमिष. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. या पैशाचे मुख्य काम, उद्या येणारा मोठा पैसा नियमाने खर्च करू शकेल अशी सरकारी यंत्रणा त्या देशात आजच उभी करणे, हे आहे.

संघात येऊ इच्छिणाऱ्या देशासाठी १९९३ साली कोपनहेगन येथे निकष ठरले : स्थिर लोकशाही संस्था, चालती बाजारव्यवस्था आणि संघाचे सर्व कायदे पाळण्याची क्षमता. हे कायदे वाटाघाटींसाठी ३५ प्रकरणांत विभागलेले असतात. संसदेत कायदा संमत करणे हा त्यातला सोपा भाग होय. दुधाची तपासणी करणारी प्रयोगशाळा, सीमेवरचे जकात कार्यालय आणि निविदांवर लक्ष ठेवणारा विभाग नसेल, तर तो कायदा कागदावरच राहतो. म्हणून २००७ पासून ‘प्रवेशपूर्व साहाय्य’ या एकाच नावाखाली आधीच्या विखुरलेल्या योजना आणल्या गेल्या. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी या साहाय्याची तरतूद सुमारे १,४१६ कोटी युरो आहे. अनेक देशांत आणि सात वर्षांत विभागल्यावर ही रक्कम ऐकताना वाटते तेवढी मोठी राहत नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा शेतीच्या योजनेत सापडतो. २००० साली मध्य आणि पूर्व युरोपातील दहा उमेदवार देशांसाठी ‘सापार्ड’ नावाची योजना सुरू झाली आणि वर्षाला सुमारे ५२ कोटी युरो बाजूला काढले गेले. परंतु पहिल्या वर्षी हा पैसा एकाही शेतकऱ्यापर्यंत पोहोचला नाही. कारण अट अशी होती की प्रत्येक देशाने अर्ज तपासणारी, जागेवर जाऊन पाहणारी आणि पैसे अदा करणारी स्वतंत्र संस्था आधी उभारावी आणि तिला ब्रसेल्सची, म्हणजे संघाच्या मुख्यालयाची, मान्यता मिळवावी. बल्गेरियाला ती २००१ मध्ये मिळाली. पोलंड आणि हंगेरी यांना २००२ साल उजाडले. तिथल्या वृत्तपत्रांनी या विलंबावर टीका केली असेल तर त्यात नवल नाही, पण योजनेचा खरा हेतू नेमका त्या विलंबातच साध्य होत होता.

शेतकऱ्याच्या बाजूने ही पद्धत आपल्याकडच्या ठिबक अनुदानासारखीच आहे : आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खरेदी, मग बिले, मोका तपासणी आणि शेवटी खात्यावर अनुदान. मधल्या काळातले व्याज कोण भरतो, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. साहजिकच ज्याच्याकडे आधीच भांडवल किंवा पत आहे, तो या योजनेत पुढे सरकतो आणि लहान शेतकरी मागे राहतो. हा दोष ‘सापार्ड’च्या जागी आलेल्या ‘आयपार्ड’ योजनेतही उरला आहे, आणि तो मला किरकोळ वाटत नाही.

यंत्रणा एकदा उभी राहिली म्हणजे ती टिकते, असेही नाही. ज्या बल्गेरियाने आरंभी आघाडी घेतली, तो २००७ साली सभासद झाला. मात्र पुढच्याच वर्षी गैरव्यवहारांच्या तक्रारींवरून त्याच्या दोन संस्थांची मान्यता काढून घेण्यात आली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये प्रवेशपूर्व निधीतील २२ कोटी युरो त्याने कायमचे गमावले.

याहून अवघड गोष्ट अशी की, प्रवेशाची आशा क्षीण झाली की पैशाचा प्रभावही ओसरतो. तुर्कस्तानशी वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या, निधीचा सर्वांत मोठा वाटाही दीर्घकाळ त्यालाच मिळाला, आणि तरी २०१८ मध्ये संघाच्या मंत्र्यांना वाटाघाटी ठप्प झाल्याचे नमूद करावे लागले. उत्तर मॅसेडोनिया २००५ पासून उमेदवार आहे. ग्रीसच्या आक्षेपामुळे त्याने २०१९ मध्ये देशाचे नावच बदलले. त्यानंतर आधी फ्रान्सने आणि मग बल्गेरियाने वाट अडवली, आणि वाटाघाटींचा आरंभ २०२२ च्या जुलैत झाला. अशा देशातील अधिकाऱ्याने कोणत्या उमेदीने नियमावल्या पाळाव्यात, याचे उत्तर निधीच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

‘मग सार्कमध्ये असे का नाही?’ हा पुढचा प्रश्नही येतोच. सार्कच्या सभासदत्वासाठी एवढे कायदे जुळवावेच लागत नाहीत. अफगाणिस्तान २००७ साली आला तो अशा कोणत्याही दीर्घ परीक्षेवाचून. जिथे परीक्षाच नाही, तिथे तिच्या तयारीचा खर्चही नाही.

आता पश्चिम बाल्कन देशांसाठी २०२४ ते २०२७ या काळाकरिता ६०० कोटी युरोंची नवी योजना आली आहे. तीत २०० कोटी अनुदान आणि ४०० कोटी कर्ज आहे, आणि ठरलेली सुधारणा पूर्ण झाल्यावरच हप्ता सुटतो. कामाआधी पैसा न देण्याचा भाग मला पटतो. परंतु ज्या देशांना प्रवेशाची खात्री कोणीही दिलेली नाही, त्यांनी स्वतःची न्यायालये आणि कार्यालये सुधारण्याच्या बदल्यात मुख्यतः कर्जच स्वीकारावे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.